बायकांनी धरायचा शब्द

धसईच्या मालूकाकीसारखं मढ्यावर रडणारं माणूस सबंध मुरबाड तालुक्यात झालं नाही. तिनं सूर लावला की रस्त्यावरची एसटी आपोआप थांबायची. एकदा तर तिरडीवरच्या म्हाताऱ्यानं एक डोळा किलकिला करून पुढची ओळ ऐकली होती. मी तिथंच होतो. खोटं वाटत असेल तर त्या म्हाताऱ्याला विचारा.

आमच्याकडे रडायची रीत आहे. घरची लेक ओळ सांगते, ‘भल्या पहाटे उठत होतीस’, आणि तिचं शेवटचं ‘होतीस’ बाकीच्या बायका ‘होतीस गो’ म्हणत उचलून धरतात. पुन्हा ओळ, पुन्हा ‘होतीस गो’. तेवढ्यात लेकीला श्वास घ्यायला मिळतो.

काकीला एकच लेक, कुणाली. ती ओटीवर दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायची. काकी आत खाटेला खिळलेली, पण कान ओटीवर.

“‘शी वॉज कुकिंग अँड वॉज सिंगिंग.’ यातला दुसरा वॉज काढा,” कुणाली सांगायची. “एकदा म्हटलं की पुरे. पुढचं आपोआप कळतं.”

“काढलेला वॉज ठेवतेस कुठं गो?” आतून काकी. “आण इकडं, कालवणात टाकू.”

पोरं हसायची, कुणालीही हसायची. पण पोरं घरी गेली की काकी तिचा हात धरून बसायची.

“आख्ख्या गावावर मी रडले. माझ्यावर कोण रडंल? मला मुकी नको धाडूस गो.”

“नाय धाडणार. आता पेज घे.”

भातं कापणीला आली तेव्हा काकी गेली. अंगणात बायका जमल्या. कुणाली आईच्या उशाशी बसली. शेजारची सुंदरावहिनी म्हणाली, “घे गो, सुरू कर. आमी हाव मागं.”

“भल्या पहाटे उठत होतीस...”

“होतीस गो,” बायकांनी धरलं.

“भाकऱ्या थापत... रानातनं लाकडं आणत... मला पाठुंगळी घेऊन ओहोळ उतरत...”

आवाज चांगला होता. रडूही खरं होतं. पण पहिलीनंतरच्या प्रत्येक ओळीचं ‘होतीस’चं शेपूट ती छाटत होती, रोज पोरांच्या वहीत छाटायची तसं. तिला त्याचा पत्ताही नव्हता. बायका अर्धी तोंडं उघडून थांबल्या. लेकीनं न दिलेला शब्द आपण कसा उचलायचा? तशी रीतच नाही. कुणालीला वाटलं, साथ द्यायला कोणी तयार नाही. ती आणखी भरभर सांगू लागली, आणि एका ओळीच्या मध्येच तिचा श्वास संपला. अंगण गप्प. पुरुषांना वाटलं, झालं. त्यांनी तिरडी उचलली.

दुसऱ्या दिवशी कुणाली सुंदरावहिनीच्या दारात उभी राहिली. वहिनी वाल पाखडत होती.

“वहिनी, तुमी सगळ्या गप का राहिलात?”

“तू शब्दच दिला नायस गो. आमी वाट बघत होतो.”

कुणाली दारातच खाली बसली. ओठ हलत होते. कालच्या ओळी ती मनात पुन्हा म्हणत असावी.

“सगळ्यांना बोलवते,” ती म्हणाली. “आता म्हणू. पयल्यापासून.”

“मढं गेल्यावर तसं रडत नायत, बाय. निघालेलं माणूस मागं वळतं.”

“वळू दे की.”

सुंदरावहिनीनं सूप खाली ठेवलं आणि तिला आत ओढून घेतलं. रीत मोडायची हिंमत तिच्यात नव्हती. ती नुसती कुणालीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.