मला भाई म्हणू नका

मी डॅमसेल मासा बोलतोय. बोटभर लांब, गर्द निळा. खोपोलीत शिळफाट्याला, जगदीशच्या घरातल्या तीन फुटी काचेच्या पेटीत मी राहतो. घरात सगळे मला 'भाई' म्हणतात. कौतुकानं नाही, मी दुसऱ्या माशांना मारतो म्हणून. आज माझीही बाजू ऐका. पण मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकात झाला. भांडायचो मी तिथंही. एक कपार आपली मानायची आणि जवळ येईल त्याला हुसकावून लावायचं, हा आमचा स्वभावच. पण तिथं हरलेल्याला पळायला अख्खा समुद्र होता. पुढं जाळ्यात सापडलो आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दुकानात आलो.

जगदीश कारखान्यात फिटर आहे. त्यानं नवी पेटी घेऊन तिच्यात मीठ कालवलेलं पाणी भरलं होतं. दुकानदार त्याला म्हणाला, "हा न्या. लई चिवट. पाणी तयार होईपर्यंत हाच टिकेल. मेला तर मेला." माझ्या तोंडावर बोलला! नव्या पाण्यात माझीच घाण साचून विष होणार, हे त्याला ठाऊक होतं. जगदीशनं विचारलंही नाही.

दीड महिना माझे कल्ले जळत होते. तरी मी जगलो. डाव्या कोपऱ्यातल्या दगडाखालची वाळू तोंडानं उपसून मी बीळ केलं. लपण्यासारखी पेटीत तेवढी एकच जागा होती, आणि ती माझी होती.

मग एका रविवारी जगदीशनं केशरी पट्ट्यांच्या माशांची जोडी आणून माझ्या डोक्यावर ओतली. मी दोघांच्याही शेपट्या फाडल्या. जगदीशसोबत कामाला असलेला निलेश तेव्हा मोबाईल घेऊन काचेला चिकटला होता. "आयला, भाई कसला तुटून पडतोय! जग्या, अजून एक टाक की!"

आणि जगदीशनं खरंच टाकला! पिवळा गोबी मासा. बिचारा वाळूत तोंड खुपसून बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बिळाशी आला की मी त्याच्या अंगावर जायचो. तो वरच्या कोपऱ्यात जायचा, मी तिथंही जायचो. दोन दिवस त्याला मी खाऊ दिलं नाही. वरून चित्रण करताना काचेची चमक नको म्हणून निलेशनं पेटीचं झाकण काढलं, ते परत कुणी लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा धावलो आणि गोबीनं पाण्याबाहेर उडी मारली.

संध्याकाळी जगदीशची बायको मेघा झाडू मारत होती. टीव्हीच्या टेबलामागं तिला तो सापडला. वाळून कडक झालेला.

जगदीश भडकला. "खुनी हाय हा! आत्ताच्या आत्ता पाताळगंगेत सोडून येतो." त्यानं जाळी पाण्यात घातली.

त्याची आई चंद्राबाई लोधिवलीहून राहायला आली होती. दारात बसून ती वाल सोलत होती. तिथूनच ती कडाडली, "खाऱ्या पान्यातला जीव गोड्यात सोडतंस? सोडतो म्हनू नको रं, मारतो म्हन."

"आये, तुला माशांतलं काय कळतंय?"

"माशांतलं नाय कळत, बिऱ्हाडातलं कळतं. एका खोलीत चौघं कोंबलीस, आडोसा एकच. वर भांडान लागलं का टाळ्या वाजवतंस. आन आता खुनी तो एकटाच?"

जगदीशनं जाळी बाहेर काढली.

मेघानं कर्जतच्या एका मासे पाळणाऱ्या बाईंना फोन लावला. मग वाटाण्याच्या प्लास्टिकच्या डब्याला तापल्या सळईनं भोकं पाडली, मला त्यात घातलं आणि डबा पेटीतच टांगला. दहा दिवस! ती जोडी माझ्यासमोर आरामात फिरायची आणि मी आत धडका मारायचो. माझ्या डोळ्यांदेखत तिनं सगळे दगड उलटेपालटे केले. तीन नव्या कपारी केल्या, मध्ये दगडांची भिंत उभी केली. माझं बीळ बुजलं. तेव्हा मला ती वैरीण वाटली.

सुटल्याबरोबर मी डाव्या कोपऱ्यात गेलो. ओळखीचं काहीच नव्हतं. जोडीतली मोठी मादी माझ्यावर धावून आली आणि मी पळालो. पळायला जागा होती. उजवीकडची एक कपार मी धरली.

आता खाणं दोन्ही टोकांना पडतं. मी अजूनही चावायला धावतो, पण ती दोघं भिंतीपलीकडं गेली की दिसत नाहीत, मग मीही परत फिरतो.

परवा निलेश आला. "भांडत नाय का रं आता? मजाच गेली. अजून एक टाक." त्यानं झाकणाला हात घातला. जगदीशनं त्याचं मनगट धरलं. "नाय. जागा नाय."

हे आधी का नाही सुचलं? माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. मासे आणणार असाल तर आधी जागा बघा, आडोसे करा, माझ्यासारख्या भांडखोराला सगळ्यांत शेवटी आणा, आणि झाकण लावा. गोबीला मी मारलं, कबूल आहे. पण मी एकट्यानं नाही. तीन दिवस होता तो इथं. त्याला अजून नावही पडलं नव्हतं.