दोन शेजाऱ्यांच्या सह्या

हवालदाराने ग्लुकोजचं बिस्किट चहात बुडवलं, न तुटता वर काढलं आणि म्हणाला, "दोन शेजारी लागतील. मॅडम इथेच राहतात, चांगल्या आहेत, एवढीच सही. टेन्शन घेऊ नका, फॉर्मॅलिटी आहे."

क्षिप्राने सातव्या मजल्यावरची सगळी दारं वाजवली. आत टीव्ही चालू होते, माणसं नव्हती. कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता तिने सरकारवर एक व्हिडिओ केला, तेव्हापासून घणसोलीच्या या टॉवरमधला हा मजला असाच होता. नोकरी गेली. चौकीच्या चकरा झाल्या. आता एका परदेशी विद्यापीठाने बोलावलं होतं. अडलं होतं ते पासपोर्टपाशी.

शेवटी शेजारचे दिनानाथ आपणहून आले. व्हिडिओची तक्रार त्यांनीच केली होती.

"किती वर्षं ओळखता?" हवालदाराने विचारलं.

"दहा. त्यातली दोन फार बारकाईने."

"वागणूक?"

"उत्तम. एवढं लक्ष ठेवलं, काही म्हणजे काही सापडलं नाही."

"मग तक्रार का केलीत, काका?" क्षिप्राने विचारलं.

"कोणीतरी करणारच होतं गं. मी निदान सभ्य भाषेत केली."

सही करून त्यांनी समोरच्या स्मिताची बेल वाजवली. दार लगेच उघडलं. ओल्या हातांनीच तिने सही केली, ती दिनानाथांकडे बघत. क्षिप्राकडे तिने पाहिलंच नाही. दार लागलं. मग कडी. मग साखळी.

"सुटलीस," कोचावरून आप्पा म्हणाले. लेकीबरोबर ते जाणार नव्हते. तिकडे भांडायला कोणी मराठी मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिनानाथ उंबऱ्यात घुटमळले.

"जा सुखाने. फक्त, चौकीवाले दर महिन्याला तक्रारीसाठी या मजल्यावरचं एक नाव मागतात. तुझं होतं तोवर बरं होतं."

"माझं द्या की," आप्पा म्हणाले.

"दिलं होतं, आप्पा. वय बघून परत आलं."

हवालदार खिडकीतून पारसिकचा डोंगर बघत होता. फार मन लावून बघत होता.

"मग आता कोणाचं देणार?" क्षिप्राने विचारलं.

दिनानाथ समोरच्या दाराकडे बघत राहिले. आत कुकरची शिट्टी झाली.

क्षिप्राने हवालदारापुढचा सह्यांचा कागद उचलला, त्याची चौघडी घातली आणि स्वतःपाशीच ठेवली.

"पुढच्या महिन्यातही माझंच द्या, काका."

दिनानाथांचा चेहरा सैल झाला. मग त्यावर परत काळजी आली.

"पण मग तुला बोलत राहावं लागेल," ते हळूच म्हणाले. "नुसतं नाव चालत नाही."