कुलपातली कात्री

"कात्री कुठे ठेवत होतात?" पोलीस बाईंनी विचारलं.

"कुलपात. पंचवीस वर्षं," आई म्हणाली आणि शिलाई मशीनच्या रिकाम्या ड्रॉवरकडे बघत राहिली.

तिचे दोन मुलगे. थोरल्याला सगळं घर भडक्या म्हणायचं. त्याचं डोकं फिरलं की ताटं उडायची, दारं आपटायची, आणि तासाभरात स्वारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. धाकट्याने मात्र कधी आवाज चढवला नाही. लहानपणी कुणी त्याचा खेळ मोडला तर तो हूं की चूं करायचा नाही. आठवड्याने त्या पोराचं आवडतं काहीतरी मोडलेलं सापडायचं. आई तिकडे कानाडोळा करायची. किती समजूतदार लेकरू, म्हणायची.

म्हणून भडक्याच्या धास्तीने कात्री कुलपात गेली आणि किल्ली धाकट्याकडे.

काल दुपारी धाकट्याची बायको घर सोडायला निघाली. तिने बॅग भरेपर्यंत तो शांतपणे बसून होता. मग त्याने कुलूप उघडलं. आता ती शवागारात होती आणि तो कोठडीत.

दारात उभ्या भडक्याने हळूच विचारलं, "आई, ते कुलूप माझ्यासाठी होतं? मला वाटायचं, कात्री महागाची म्हणून."

त्याने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला. आता भिरकावणार, म्हणून तिने सवयीने डोळे गच्च मिटले.

त्याने तो तिच्या ओठांना लावला.