एका वितीवर मुंबई

"त्या फोटोत बापूस दिसला काय रे तुला?" आये ओरडली.

मी पण ओरडलो, "तो नाय दिसला, पण मुंबई दिसली!"

आमच्या सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, सामंत साहेब आलेत, दगड तपासायला. त्यांच्याकडे उपग्रहाने काढलेले फोटो आहेत, एकमेकांना चिकटवलेले. लाल भाग बघून मी म्हटलं, ही आमची जांभ्याची माती. साहेब हसले. असल्या फोटोत झाडं लाल दिसतात, म्हणाले, सडा हा करडा. मग त्यांनी काळ्या रेघा दाखवल्या. पूर्वी जमिनीला तिथे भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला नि पसरला. मुंबईपर्यंत खाली तसलाच काळा दगड आहे.

मी फोटोवर वीत ठेवली. अंगठा रत्नागिरीवर, करंगळी मुंबईवर. एवढंच तर अंतर!

मुंबईतली त्याची गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरी आला नाय. यंदा गणपतीला वाडीतले सगळे चाकरमानी आले. आमच्याकडे आरती मीच म्हटली. त्याच्यासारखा आवाज काय लागला नाय.

"रिकाम्या हाताने यायला लाजतो रे तो," आये हळू आवाजात म्हणाली.

"मग मीच जातो, रिकाम्या हाताने."

ती पिशवीत भाकऱ्या भरायला लागली. एसटी वळणावर दिसतेय. मला आता निघायला हवं.