तीन ठिपक्यांची गोगलगाय

वर्षावास सुरू झाला त्या सकाळी विहारात बुद्धमूर्तीपुढे बसून मी एक संकल्प केला. मनातल्या मनात केला असता तर बरं झालं असतं. पण माझा आवाज मुळातच बारीक. मूर्तीपर्यंत पोचावा म्हणून जरा जोर लावला, आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजायची थांबली. जमलेल्या सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं : "तीन महिन्यांनी वर्षावास संपेल, त्या दिवशी मी स्वतः लावलेल्या मोहरीच्या पाल्याचं कालवण भिक्खूंना वाढीन."

घरी येताना आमचे हे, इन्ता, स्कूटर चालवता चालवता हसत होते. "अगं केवमुन, तू गवती चहासुद्धा वाळवलेली बाई आहेस. गवती चहा! तो कुंपणाबाहेर फेकला तरी वाढतो."

"संकल्प झालाय आता," मी म्हटलं.

घरामागे चार वाफे केले. पहाटे उठून पंचशील म्हणायचं, दिवा लावायचा आणि झारी घेऊन वाफ्यांकडे जायचं, असा नेम ठेवला. पेरल्यावर चौथ्या दिवशी कोंब दिसले. मी इतकी हरखले की शेजारच्या मूनभाऊजींना हाक मारली. ते बदकं पाळतात. वाकून वाकून त्यांनी वाफा न्याहाळला आणि म्हणाले, "दिसली हो वहिनी, भाजी दिसली. चष्मा लावल्यावर दिसली."

पानं तळहाताएवढी झाली आणि एका सकाळी दोन ओळी गायब. मातीवर चकचकीत रेघा, आणि उरलेल्या पानांवर मुठीएवढ्या गोगलगायी, अगदी शांत, पोट भरलेल्या.

"माझ्याकडे द्या," मूनभाऊजी म्हणाले. "बदकं पाच मिनिटांत फन्ना उडवतील. पाप लागलंच तर त्यांना लागेल. त्यांनी कुठे शील घेतलंय!"

"पण उचलून देणारी मीच ना, भाऊजी?"

"मग तुम्ही तिकडे बघा, मी इकडे बघतो. बदकं त्यांना हवं तिथे जातील."

मी मान हलवली. पहिलंच शील जीव न घेण्याचं. ते रोज सकाळी म्हणायचं आणि लगेच बादली बदकांपुढे ओतायची, हे मला जमणारं नव्हतं. मग मला सुचलं. लोक पुण्यासाठी मासे सोडतात, पाखरं सोडतात. गोगलगायी का नाही? मी त्या बादलीत गोळा केल्या, वर कमळाचं पान झाकलं, आणि विहाराच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन प्रार्थना म्हणत सोडल्या. तिथे भिक्खूंचं सुत्तपठण ऐकू येतं. या जीवांच्या कानावर चार चांगले शब्द पडतील. गोगलगायीला कान असतात का, हे मी कुणाला विचारलं नाही.

रोज वीस-पंचवीस सोडायची. पुण्य वाढत होतं. गोगलगायी काही कमी होत नव्हत्या.

"त्याच परत येतात," हे म्हणाले.

"त्याच कशावरून?"

"आता नाव विचारू का एकेकीला?"

म्हणून मी खुणा केल्या. नवी स्कूटर घेतली तेव्हा भन्तेंनी तिच्या तोंडावर पांढऱ्या लेपाचे तीन ठिपके दिले होते. खूण करायचीच तर शुभ करावी, म्हणून मी चेहऱ्याला लावायचा लेप कालवला आणि प्रत्येक शंखावर तीन-तीन ठिपके दिले.

चौथ्या सकाळी सर्वांत चांगल्या रोपावर तीन ठिपक्यांची गोगलगाय बसलेली. आणि पांढऱ्या ठिपक्यांशेजारी हळदीचा एक मोठा पिवळा ठिपका.

यांनी तिला उचलून उलटसुलट बघितलं. "विहारापासून इथवर सात वळणं आहेत. चार दिवसांत चालत आली नाही ही. हिला कुणीतरी लिफ्ट दिलीय."

"आणि हळद माझी नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. ओढ्याच्या साकवावर समोरून माई सेंगला येत होत्या. माई विहारातच राहतात, पांढरी वस्त्रं नेसतात आणि तिथली भाजीची बाग बघतात. त्यांच्या हातात बादली होती, वर फडकं.

"इतक्या लवकर कुठे, केवमुन?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. "विहाराकडे, माई. आणि तुम्ही?"

शील त्यांनाही होतंच. "तुझ्या घराकडे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या फडक्याखालून दोन शिंगं हळूच बाहेर आली.

"हळद तुमची?" मी विचारलं.

"हो, त्याच परत येतात का ते बघायला. आणि ठिपके तुझे?" माईंचे डोळे मोठे झाले. "अगं, मला वाटलं, भन्तेंनीच आशीर्वाद दिलाय त्यांना! मी एकेकीला दोन्ही हातांनी उचलत होते!"

"मी त्यांना सुत्तं ऐकायला सोडत होते, माई."

"ऐकली की! ऐकता ऐकता माझा कोबी संपवला."

"पण मग माझ्याच परसात का?"

"परसात कुठे? तुझ्या घरामागच्या बांबूच्या बेटात ठेवत होते मी. पुढे कुठे जायचं ते त्यांचं त्या ठरवत होत्या." बोलता बोलता माईंना आपलंच हसू आलं. मग मलाही. दोघी बादल्या खाली ठेवून साकवावरच बसलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

माझं पाणी मात्र थांबेना.

"काय गं?"

"नऊच दिवस राहिलेत, माई. सगळ्यांसमोर संकल्प केलाय. पाला आहे थोडा, पण भोक नाही असं एकही पान नाही. भिक्खूंचं अन्न आपण आधी चाखतसुद्धा नाही. मिठाचा अंदाजसुद्धा डोळ्यांनीच घेतो. आणि माझं तर पानन् पान उष्टं झालंय."

माईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "विहारात रोज भाजी शिजते, ती कुठली?"

"तुमच्या बागेतली."

"तिला भोकं कुणी पाडली?"

मी खाली बघितलं. "माझ्या गोगलगायींनी."

"मग इतके दिवस चालतंय ते त्याच दिवशी का चालणार नाही? अगं, ताटात उरतं ते उष्टं. तुझी भाजी तर वाफ्यात उभी आहे. त्यांनी त्यांचा वाटा घेतला, तुझा ठेवला. धू, चीर, शिजव. शिजल्यावर भोकं दिसत नाहीत."

त्या दिवसापासून दोन्ही बागांतल्या गोगलगायी एकत्र जमवायच्या आणि नदीपलीकडच्या दलदलीत सोडायच्या, असं ठरलं. बादल्या यांच्या स्कूटरवर जायच्या. "म्हातारपणी गोगलगायींचा ड्रायव्हर झालो," म्हणत हे रोज नेऊन सोडायचे. तीन ठिपक्यांच्या हळदवालीला खरोखरीच लिफ्ट मिळाली. खुडलेल्या देठांना नवी पानं फुटू लागली.

वर्षावास संपला त्या सकाळी पातेलंभर पाला निघाला. चिंचेचा कोळ, आंबवलेल्या सोयाबीनची भाजलेली चकती घालून कालवण केलं. उकळी आली आणि मला शंका आली. मीठ घातलं का? घातलंसं वाटलं. घातलं नसेल तर? चाखायची सोय नाही. देवघरातल्या मूर्तीकडे बघून आणखी एक चिमूट टाकली. मग ती पहिली आठवली.

विहारात भिक्खू शांतपणे जेवले. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही. मंगल आशीर्वाद झाला, उरलेलं अन्न आमच्यात आलं. माई, मूनभाऊजी, हे, सगळे चटईवर बसले. यांनी चिकट भाताचा गोळा कालवणात बुडवला आणि तोंडात टाकला. मग पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"मीठ?" मी हळूच विचारलं.

त्या दिवशी यांनीही शील घेतलं होतं. यांनी माझ्याकडे बघितलं, माईंकडे बघितलं, घोटभर पाणी पिऊन घेतलं.

"पाला," हे म्हणाले, "पाला फार कोवळा झालाय हो."