कलम नऊ, एक पाय

विजेवरच्या एकचाकीची नियमपुस्तिका मी लिहिली. लिहिली म्हणजे मोपेडची पुस्तिका समोर ठेवली आणि जिथे दोन होतं तिथे एक केलं.

मॅडमनी तसंच सांगितलं होतं. "नवीन काही डोकं चालवू नकोस. मोपेडला दोन चाकं, याला एक. दोनाचं एक कर आणि दुपारी छापायला पाठव." परवाना कार्यालयात लागून मला तीन महिने झाले होते आणि मी अजून कायम व्हायचा होतो, त्यामुळे डोकं न चालवण्याची मला मनापासून गोडी लागली होती. चोवीस कलमं मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकली.

दोन चाकांचं एक चाक झालं, दोन ब्रेकचा एक झाला. इथवर ठीक. पण हात एकदा चालायला लागला की डोक्याला विचारत नाही. 'दोन्ही डोळ्यांची तपासणी' होती ती एका डोळ्याची झाली. 'वळण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पाहावे' होतं तिथे 'एका बाजूला पाहावे' आलं. आणि कलम नऊ, 'चालवताना दोन्ही पाय पायपट्टीवर असावेत', ते झालं 'एक पाय पायपट्टीवर असावा'.

एकचाकी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मध्ये एक जाड चाक, त्याच्या दोन अंगांना पाय ठेवायला दोन पट्ट्या, संपलं. हँडल नाही, सीट नाही. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते. दोन पायांवर उभं राहायचं. हे मला चांगलं माहीत होतं, कारण आमच्या घरात दाराआड एक उभी असायची. आत्याची.

आत्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. चार गल्ल्यांतल्या चार केंद्रांवरून नळ्या गोळा करायच्या, पाठीवरच्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि तासाभरात लॅबला पोचवायच्या. बावन्नाव्या वर्षी ती एकचाकी शिकली, आणि तीन वर्षांत तिची एक नळी फुटली नाही. आता एकचाकीलाही परवाना लागेल असा कायदा आला. लॅबच्या व्यवस्थापकाने तिला तारीख दिली: एकतीसच्या संध्याकाळपर्यंत परवाना दाखव, नाहीतर एक तारखेपासून येऊ नकोस.

"माझा भाचा तिथेच आहे," आत्या त्याला म्हणाली होती. हे तिने मला कौतुकाने सांगितलं.

चाचणी घेणाऱ्या परीक्षकाला आम्ही ओळंबा म्हणतो. गवंड्याचा ओळंबा जसा भिंत वाकडी असली की सरळ सांगतो, तसाच हा. पुस्तिकेत एक पाय म्हणजे एक पाय. दुसरा पट्टीला लागला की नापास. पहिल्या आठवड्यात सगळे नापास झाले. मला वाटलं, आता कुणीतरी बोंब मारेल. कुणीही मारली नाही. "एक चाक, एक पाय. बरोबरच आहे की," असं लोक रांगेत एकमेकांना समजावत होते. पंधरा दिवसांत चाचणीच्या मैदानासमोर एका पायाने चालवायला शिकवणारा क्लास निघाला. तिथला मास्तर मोठ्या अभिमानाने लंगडत यायचा.

आत्या दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा घरी आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ज्याने हा नियम केला त्याचा फार अभ्यास असणार. मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं बघ."

मी पाणी प्यायलो. तहान नव्हती.

त्या रात्रीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर आत्या दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहणार, आणि मग माझं कायम होणं एका पायावर येणार. त्याऐवजी मी म्हणालो, "आत्या, मी तुझी प्रॅक्टिस घेतो." माणूस अपराधी असला की किती मदत करतो, हे मला तेव्हा कळलं. भांडी मी घासली. बर्फाची पेटी मी पुसली. रोज सकाळी सहा वाजता इमारतीच्या मागच्या अंगणात मी तिचा हात धरून धावायचो, आणि ती एका पायावर, दुसरा बगळ्यासारखा वर धरून, सरकायची.

"झुकू नकोस," मी म्हणायचो.

"झुकले नाही तर चालणार कशी? तू परवाना कार्यालयात आहेस की पुतळ्यांच्या कारखान्यात?"

एकोणतीस तारखेला मी हात सोडला आणि ती पडली. मनगट मुरगळलं. मी बँडेज गुंडाळत होतो तेव्हा ती म्हणाली, "तुझा काही दोष नाही रे." एवढं वाक्य कुणी कुणाला बोलू नये.

तीस तारखेला मी मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. कलम नऊ चुकलं आहे, एक नव्हे, दोन पाय हवेत.

मॅडमनी दोनदा वाचली. "हे कुणाच्या लक्षात आलं?"

"कुणाच्याच नाही."

"मग तुझ्या कशाला आलं?"

तरी त्यांनी सही केली. उद्या सकाळपासून दोन पाय. एका पायावर पास झालेल्या एकतीस जणांचं काय, तर त्यांना दुसरा पाय सवलत म्हणून वापरता येईल.

हलक्या अंगाने घरी आलो. आत्याला सांगणार, तोच ती दारात एका पायावर उभी. "बघ, चार मिनिटं झाली. भिंत धरली नाही. तुझ्यामुळे जमलं हो, शहाण्या." तिचा चेहरा बघून मला वाटलं, उद्या मैदानावर ओळंबाच सांगेल. नियम सोपा झालाय म्हटल्यावर कुणाला वाईट वाटणार? मी जेवलो आणि झोपलो, म्हणजे डोळे मिटले.

एकतीसला सकाळी मी कार्यालयाच्या खिडकीतून मैदान बघत होतो. नियम बदलल्याचा कागद फळ्यावर लावला होता. पण आत्याला पुस्तिका तोंडपाठ, ती फळा कशाला वाचेल? आणि ओळंबा परीक्षेआधी उत्तर सांगत नाही. आत्या निघाली. एक पाय पट्टीवर, एक हवेत, बँडेजचा हात पोटाशी. शंकूंमधून अशी गेली की रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जिना उतरून पोचेपर्यंत ओळंब्याने नापास लिहिलं होतं.

"कलम नऊ," तो म्हणाला. "दोन पाय."

"पुस्तिकेत एक आहे," आत्या म्हणाली.

"काल होता."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मीच लिहिलंय."

"काय? एक की दोन?"

"दोन्ही."

तिच्या मनगटावरचं बँडेज सुटलं होतं, ते एका हाताने नीट करत बसली. मी पुढे झालो तर तिने हात मागे घेतला.

"यांना आणखी एक प्रयत्न द्या," मी ओळंब्याला म्हणालो. "आत्ताच."

"कलम एकोणीस. एका दिवशी एक प्रयत्न."

ते कलमही माझंच होतं. मोपेडला दोन प्रयत्न असतात. कालच्या चिठ्ठीत मी एवढाच एक पाय कबूल केला होता, कारण बाकीचं कबूल करायला कुणी पडलं नव्हतं.

मी वर गेलो, मोपेडची पुस्तिका घेतली आणि मॅडमसमोर उघडली.

"अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"काल एक म्हणालास."

"काल तेवढाच धीर होता."

मी एकेक कलम वाचलं आणि त्यांनी एकेकावर सही केली; एकोणिसाव्यावर 'आत्तापासून' असंही लिहिलं. 'एका बाजूला पाहावे'ला त्या थांबल्या. "यापायी कुणी मेलं तर नाही ना?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी माझी फाइल काढली आणि तिच्यावरही काहीतरी लिहिलं. कायम करण्याचं पुढच्या वर्षी पाहू, असं होतं ते. मी आभार मानले. सवयच लागली होती.

सव्वा अकराला आत्या पुन्हा निघाली, दोन पायांवर. यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, तीन वर्षं ती तशीच जात होती. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओळंब्याने पास लिहिलं. परवाना खिशात घालून ती माझ्याजवळ आली.

"मला लॅबला उशीर होतोय," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी ये. पायी ये."

गेलो. त्याला आता दोन महिने झाले. ती बोलते माझ्याशी, टोमणेही मारते, म्हणजे तसं सगळं ठीक आहे. फक्त स्वयंपाक करताना तिचा डावा पाय आपोआप उचलला जातो आणि ती ओट्याशी तशीच बगळ्यासारखी उभी राहते. सवयीने होतं, की मी बघतोय म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. मी मागे उभा राहून भांडी घासतो.