झिजलेला सात

हे ऐकून तुम्ही मला मासे धरायला पाडलेल्या याच बर्फाच्या भोकात ढकलाल, कारण विश्वास कोणीच ठेवणार नाही. पण मासा काही लागत नाहीये, तर ऐका.

आमचा कंपायलर, म्हणजे माणसाचा प्रोग्राम यंत्राच्या हुकमांत उतरवणारा. त्याचं डोकं म्हणजे ही सिग्नी बसलीय ना, तिने सगळी उमेद ओतून रचलेला तक्ता. प्रोग्रामचं झाड करायचं, फांदीफांदीला तिचे गुण चिकटवायचे, मग तक्त्यातली सर्वांत स्वस्त जुळणारी ओळ शोधून तिचा हुकूम काढायचा. निघालेला हुकूम यंत्र लगेच पाळायचं. यंत्र बिचारं साधं, पूर्णांकांपलीकडे काही न कळणारं.

शनिवारी बाराला साहेब टॉलेफसन येणार होता. तोवर गिऱ्हाइकाचा प्रोग्राम उतरला नाही, तर विभागाला कुलूप. सिग्नीला त्या गावात हे काम दुसरीकडे मिळणार नव्हतं.

त्याच सकाळी यंत्र अडकलं. तक्त्यात एक ओळ होती, हातातला आकडा कपाटात, म्हणजे यंत्राच्या साठवणीत, ठेव. दुसरी, कपाटातला हातात घे. दोन्हींची किंमत शून्य! खरी नंतर भरू म्हणून टाकलेली. फुकटची हमाली मिळाल्यावर यंत्र कशाला थांबतंय? एक सात घेऊन ते हात-कपाट, हात-कपाट करत सुटलं.

"नंतर भरू म्हणे! घ्या आता नंतर!" सिग्नी रडकुंडीला आली. "ऑर्व्हल, काहीतरी कर रे!"

"काय करू, बाई?" मी म्हणालो. "किंमत बदलली तर तक्ता नव्याने बांधायलाच दिवस जाईल."

पावणेबारा झाले. जिन्यावर टॉलेफसनचे बूट वाजले. सिग्नीने डोळे मिटले. आणि मी पाहिलं, ने-आण करून तो सात झिजत चालला होता! साडेसहा झाला, पाच झाला, तीन, पाव... शेवटी भुगाच उरला. न्यायला काही नाही म्हटल्यावर यंत्र पुढच्या ओळीवर गेलं, बाराच्या ठोक्याला प्रोग्राम उतरला, आणि टॉलेफसनने चक्क टोपी काढून सिग्नीला...

"पुरे रे, थापाड्या!" गळाची दोरी गुंडाळत सिग्नी म्हणाली. "यंत्राला पूर्णांकांपलीकडे कळत नव्हतं, हे आत्ता तूच म्हणालास. मग साडेसहा त्याने ठेवला कुठे, तुझ्या टोपीत? बाराला तो सात सातच होता, ऑर्व्हल. कुलूप लावण्याआधी दिवा मीच मालवला."